गावभागात बीगल: लाकडी जहाजाचं किट बांधताना

किटच्या डब्यावर फोटो असतो तो डोलकाठ्या, दोऱ्या, तोफा सगळं लावलेल्या तयार जहाजाचा, आणि झाकण काढलं की आत निघतात काड्यांच्या जुड्या. २ मिलिमीटर जाड आणि ५ मिलिमीटर रुंद लाइमवुडच्या पट्ट्या, त्याहून पातळ ०.६ मिलिमीटरच्या सापेली लाकडाच्या पट्ट्या, लेझरने कापलेल्या प्लायच्या शीट, गोल काठ्या, पितळी सामानाच्या पुड्या, वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्याची रिळं आणि एक पुस्तिका जिच्यात नुसते फोटो. सांगाड्याचे फोटो भरपूर आहेत, तोफांचे आहेत, झेंडा कसा घडी घालायचा त्याचा पण आहे, पण माणूस खरा जिथं अडकतो ते पट्ट्या सांगाड्यावर बसवायचं काम दोन फोटोत उरकलंय. एका फोटोत पहिली पट्टी लावतायत आणि पुढच्या फोटोत अख्खं जहाज बंद झालंय. मधलं सगळं आपलं आपण बघायचं.

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला आहे. डाय, जिग, फिक्स्चर, ग्राइंडिंग हे रोजचं. दिवसभर हातात मायक्रोमीटर, त्यामुळे ही सवय इथं उपयोगाला येईल असा माझा हिशोब होता, आणि आली पण, सांगाड्यापुरती आली. त्यानंतर लाकडाने त्याचा स्वतःचा हिशोब सुरू केला. धातूचं कसंय, ड्रॉइंगवर आकडा आहे, आकड्याला जॉब आणायचा, विषय संपला. इथं ड्रॉइंगवरचा आकडा सांगाडा होईपर्यंत खरा, पुढे जे माप घ्यायचं ते समोर उभ्या असलेल्या जहाजावरूनच घ्यायचं, कारण माझं जहाज आणि कागदावरचं जहाज ही तोवर दोन वेगळी जहाजं झालेली असतात. हे डोक्यात बसायला वेळ गेला आणि बरंचसं त्याबद्दलच लिहितोय.

जहाज कुठलं घेतलं तर एचएमएस बीगल, स्पेनमधल्या एका कंपनीचं किट, स्केल १:६०. डार्विन ज्यावर गेला ते. १८२० मध्ये वुलिचला बांधलेलं, मूळचं १० तोफांचं ब्रिग, म्हणजे दोनच डोलकाठ्या, नंतर सर्वेच्या कामाला लावताना मागे तिसरी डोलकाठी घातली. या वर्गातली जहाजं इतकी बुडायची की खलाशी त्यांना शवपेटीच म्हणायचे. किट आलं परदेशातून, कुरिअर, कस्टम, केवायसी, परत केवायसी, असं सगळं होऊन, आणि एकूण किती पैसे लागले त्यातला निम्माच आकडा घरात माहितीये, तो निम्माच राहू दे.

विक्टरीसारखं मोठं युद्धजहाज वगैरे घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. १०० तोफा, तीन डेक. माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, बीगलएवढं जहाज टेबलावर मावतं, मूळचं ९० फूट लांब म्हणजे १:६० ला नुसतं बूड, म्हणजे जहाजाचं धड, ४६ सेंटिमीटरच्या आसपास येतं आणि पुढची काठी, मागची आडवी काठी (बूम) धरून पाऊण मीटरच्या आत बसतं.

काम करतो वरच्या मजल्यावर. आमचं घर सांगलीच्या गावभागात, २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेव्हा आमच्याकडे खालच्या मजल्यावर काय उरलं असेल ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. तेव्हापासून जपायची वस्तू खाली ठेवायचीच नाही असा घरचा नियमच आहे. पण वर पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल, आणि लाकडाला या दोन्ही गोष्टी कळतात. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, आडवं हलतं, म्हणजे पट्टीची रुंदी ओलीत वाढते आणि मे महिन्यात कमी होते. पावसात घट्ट बसलेल्या पट्ट्यांमध्ये उन्हाळ्यात केसाएवढ्या फटी पडतात त्या यामुळेच. मी पट्ट्या लावायचं मुख्य काम दिवाळीनंतर होळीपर्यंत केलं, आणि आपल्या भागात करणाऱ्यांनी हेच करावं असं सांगेन.

सांगाडा म्हणजे मधे उभी एक प्लायची पट्टी, तिला फॉल्स कील म्हणतात, आणि तिच्या खाचांत आडव्या बसणाऱ्या प्लायच्या चकत्या, बल्कहेड. डब्यातून आलेली कील किंचित वाकलेली होती, सर्फेस प्लेटवर ठेवून फट मोजायचा फिलर गेज घातला तर मध्यावर सव्वा मिलिमीटर जात होता. प्लाय आहे, होणारच. ओलसर फडक्याने एक बाजू पुसून, ग्रॅनाइटच्या दोन तुकड्यांत दाबून ठेवली, सरळ झाली, आणि लगेच बल्कहेड चिकटवून टाकले म्हणजे परत वाकायला जागाच नको. बल्कहेड कीलला काटकोनात बसायला हवेत म्हणून दोन छोटे मशीन केलेले अँगल प्लेट लावले. इथपर्यंत मी राजा होतो.

मग येतं फेअरिंग. पट्टी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, जाताना वळते, त्यामुळे पुढच्या बल्कहेडची कड काटकोनात ठेवली तर पट्टी फक्त एका धारेवर टेकते, चिकटायला जागाच मिळत नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या बल्कहेडच्या कडा तिरक्या घासायच्या. किती? त्याचा आकडा कुठंच नाही. एक लांब पट्टी तीन-चार बल्कहेडवर आडवी धरायची, ती कुठं टेकते कुठं उचलते ते बघायचं, कानस मारायची, परत धरायची. डोळा आणि बोट. बोट फिरवलं की उंचवटा कळतो जो डोळ्याला दिसत नाही, हे आमच्या डाय पॉलिशच्या खात्यात पण असंच आहे म्हणा. नाळेच्या पहिल्या दोन बल्कहेडमध्ये भर घालायला ठोकळे लागतात, परदेशात बाल्सा हे हलकं लाकूड वापरतात, मी कंपनीत मशिनरी ज्या खोक्यांतून येते त्यातलं पाइनवुड वापरलं. फुकट, मऊ, आणि टाचणी छान धरतं.

हे घासकाम चाललेलं असताना वडील जिना चढून वर आले, बघितलं आणि म्हणाले, "काय कराय लागलाईस रे, गुढीच्या काठ्या तासतोस काय?" मी म्हटलं जहाज आहे आप्पा. ते बराच वेळ सांगाड्याकडे बघत होते. "जहाजात बसणार कोण ते तरी सांग," असं म्हणून खाली गेले.

आता पट्ट्या. मध्यावर, जिथं जहाज सगळ्यात रुंद असतं, तिथं डेकच्या कडेपासून कीलपर्यंत कागदाची पट्टी गुंडाळून मोजलं तर ११० मिलिमीटर आलं. पट्टी ५ ची, म्हणजे २२ पट्ट्या. तोच कागद नाळेशी लावला तर ६६. म्हणजे त्याच २२ पट्ट्या तिथं जाईपर्यंत ३-३ मिलिमीटरच्या व्हायला पाहिजेत. कलिंगडावरचे पट्टे मधे रुंद आणि देठाकडे निमुळते होत जातात, तेच गणित. मागच्या टोकाला उलटं होतं, तिथं माप ११० पेक्षा वाढतं, २२ पट्ट्या पुरत नाहीत आणि मधे उरलेल्या जागेत निमुळता तुकडा घालावा लागतो, त्याला स्टीलर म्हणतात. पुढच्या टोकाला मात्र पट्टी निम्म्यापेक्षा बारीक करायची नाही, ५ ची असेल तर अडीचच्या खाली नाही, कारण खऱ्या जहाजात इतक्या अरुंद टोकात खिळा बसत नाही, बसला तर लाकूड चिरतं. तशी वेळ आली तर दोन पट्ट्या मिळून एकच पुढे न्यायची.

सरळ अख्ख्या रुंदीची पट्टी तशीच लावत गेलं तर काय होतं ते पण सांगतो, कारण पुस्तिकेतल्या फोटोवरून तसंच करावंसं वाटतं. पट्टी जाडीच्या दिशेने मजेत वाकते, रुंदीच्या दिशेने वाकायला बिलकुल तयार नसते. नाळेशी तिला स्वतःची वाट असते, तिला मोकळं सोडलं तर ती वर चढत जाते. ती वर जाऊ नये म्हणून दाबून खालच्या पट्टीला चिकटवली तर एक धार चिकटते आणि दुसरी धार उचलून उभी राहते, की झालं, बुडावर पायऱ्या. मग त्या पायऱ्या घासून काढताना पट्टी कागदाएवढी पातळ होते. म्हणून आधी मोकळी पट्टी बल्कहेडवर नुसती टेकवून बघायचं की तिला कुठून जायचंय, आणि मग ज्या बल्कहेडवर जेवढी जागा तिच्या वाट्याला येते तेवढीच रुंदी रंध्याने ठेवायची. प्रत्येक बल्कहेडवर कागदाची पट्टी, उरलेलं माप भागिले उरलेल्या पट्ट्या, पेन्सिलची खूण, पुढचा बल्कहेड. दर तीन-चार पट्ट्यांनंतर परत मोजायचं कारण तोवर अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झालेला असतो. व्हर्निअर मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. कागद, पेन्सिल आणि डिव्हायडर, बास.

एक पट्टी डावीकडे की लगेच तीच उजवीकडे, हे पाळावंच लागतं. एकाच बाजूने पाच-सहा चढवल्या तर फेविकॉल सुकताना ओढतो आणि सगळी कील त्या बाजूला वळते, ती नंतर कुणाच्या बापाला सरळ होत नाही.

वाकवायला उष्णता. नुसतं पाण्यात भिजवून लाकूड वाकत नाही, वाकलं तरी सुकल्यावर परत मूळपदावर येतं. लाकडातलं लिग्निन तापलं की मऊ पडतं आणि थंड झालं की त्याच आकारात घट्ट होतं, पाण्याचं काम उष्णता आतपर्यंत न्यायची आणि लाकूड जळू द्यायचं नाही एवढंच. मी सोल्डरिंग गनच्या टोकावर बसेल असा २५ मिलिमीटरचा पितळी बुश लेथवर करून घेतला, गन व्हाइसमध्ये आडवी धरली, पट्टी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात, मग त्या बुशवर हळूहळू ओढत न्यायची. चर्र आवाज येतो, वाफ निघते, आणि एका क्षणी बोटांना कळतं की लाकडाने सोडलं. अडून बसलेलं एकदम ऐकायला लागतं. तो क्षण मला फार आवडतो, खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त तोच आवडतो. घाई केली तर बाहेरच्या बाजूला रेषा उभ्या राहतात आणि पट्टी गेली. वाकवलेली पट्टी ओली असतानाच चिकटवायची नाही, ओली असताना फुगलेली असते, सुकली की आकसते आणि फट देते. रात्रभर कपड्यांच्या चिमट्यांनी जागेवर धरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी फेविकॉल. चिमटे किती लागतात तर घरातले सगळे, दोरीवरचे कपडे तेवढे दिवस नुसते टाकलेले असायचे आणि वारा आला की बायको खालून हाक मारायची, "अहो, निदान चार चिमटे तरी द्या खाली."

पहिला थर झाला की जहाज दिसायला भयाण असतं. फटी, फेविकॉलचे ओघळ, टाचण्यांची भोकं. याला घाबरायचं कारण नाही, हा थर झाकला जाणार असतो. लाकडाचाच बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून लांबी (पुट्टी) भरली आणि घासायला लागलो. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, धूळच धूळ.

इथं मिरजेचं सांगायला पाहिजे. ऑफिसातल्या एकाच्या तंबोऱ्याची खुंटी सैल झाली होती म्हणून त्याच्याबरोबर मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो होतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते सगळ्यांना माहीत असेल, पण या घराण्यांचे पूर्वज मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, आणि एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी झाल्यावर वाद्यांकडे वळलेले, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पंढरपूर भागातून येणारे भोपळे भिंतीला टांगलेले, खाली बसून एक चाचा तबली, म्हणजे वाद्याची वरची लाकडी पाटी, घासत होते. घासत म्हणजे पॉलिश पेपर नाही, जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा दोन्ही हातांच्या अंगठ्यात धरून खरवडत होते आणि त्याखालून कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ चुया निघत होत्या. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून, चष्मा वर करून बघितला.

"हे पेपरनं घासताय?"

"हो."

"पेपर उंच-खाली दोन्ही घासतो. पट्टी मऊ आहे तिथं जास्त खातो. खरवडा. खरवडलं की उंच तेवढंच निघतं."

मग त्यांनी बोटाने तबलीवर टकटक केलं, एकदा मधे, एकदा कडेला, आवाज वेगळा आला. जाडी किती राहिली ते ते असं ऐकतात. मी घरी येऊन बुडावर टकटक करून बघितलं तर खरंच, बल्कहेडच्या वर घट्ट आवाज आणि दोन बल्कहेडच्या मधे पोकळ, आणि जिथं फार पातळ झालंय तिथं अगदीच फुसका. तिथं आतून फेविकॉलमध्ये भिजवलेलं मलमलीचं फडकं चिकटवलं. आणि ब्लेड खरवडायला धारेला लावून घेतलं, त्याची कड जरा वळवावी लागते, ते टूलरूमवाल्याला काय अवघड नाही. तेव्हापासून पॉलिश पेपर फक्त शेवटच्या हाताला. पॉलिशचं पण त्यांनीच सांगितलं, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, पातळ ठेवायची, कापडाच्या बोळ्याने हात द्यायचे. डब्यातलं चकचकीत वार्निश मी उघडलं पण नाही, १:६० ला ते चकाकणं डोळ्यात खुपतं.

दुसरा थर सापेलीचा, ०.६ चा, तो पहिल्याच्या मानाने पटकन झाला. रबरवालं अ‍ॅढेसिव, दोन्हीकडे लावून सुकू द्यायचं आणि मग टेकवायचं. एकदा टेकवलं की हलवता येत नाही एवढं लक्षात ठेवायचं.

पाण्याखालचा भाग किटमध्ये नुसता रंगवायला सांगितला होता. पण बीगलला तांब्याचे पत्रे होते, दुसऱ्या सफरीच्या आधी बुडाला दोन इंची फर झाडाच्या फळ्या आणि त्यावर नवीन तांबं मारलं होतं. समुद्रात लाकूड खाणारा किडा असतो, टेरेडो, तो फळ्या आतून पोखरतो, शिवाय बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटून जहाज मंद होतं, या दोन्हीवर तांबं हा उपाय. पत्रा साधारण ४ फूट बाय १४ इंच, १:६० ला २० मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर. स्टेन्ड ग्लासवाले वापरतात ती तांब्याची चिकटपट्टी मागवली, जिगवर कापली, आणि मागच्या टोकापासून पुढे येत लावली, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाण्याला कड उचलायला मिळत नाही. खिळ्यांच्या खुणा उठवायला एक छोटा डाय केला, प्रत्येक तुकडा त्यात दाबायचा. शेकड्याने तुकडे. हे मात्र माझं घरचं मैदान होतं, दाब, काढ, दाब, काढ, डोकं शांत. आईने बघितलं आणि चिंच लावून घासू का म्हणाली, भांड्यासारखं लखलखीत होईल. मोठ्या मुश्किलीने थांबवलं, कारण ते काळपट तपकिरी व्हायला हवंय आणि आपोआप होत चाललंय.

डेकचं थोडक्यात. पट्ट्यांची एक धार ४बी पेन्सिलने काळी करायची, दोन पट्ट्यांच्या मधे जी काळी रेघ दिसते तो खऱ्या जहाजातला डांबर भरलेला सांधा. आणि पट्ट्या अख्ख्या लांबीच्या लावायच्या नाहीत, खरी फळी २४ फुटांच्या आसपास, म्हणून १२० मिलिमीटरचे तुकडे, आणि शेजारच्या फळ्यांचे सांधे एकासमोर एक येता कामा नयेत. मागच्या केबिनचं मात्र मी जास्तच केलं. साधारण १० फूट बाय ११ फुटांची खोली, म्हणजे माझ्या जहाजात जेमतेम ५ सेंटिमीटर, तिच्यातून मागची डोलकाठी आरपार जाते, मधे नकाशांचं मोठं टेबल, आणि त्यात २२ वर्षांचा डार्विन आणखी दोघांबरोबर. टेबलाच्या वर झोळी बांधून झोपायचा आणि पाय मावावेत म्हणून भिंतीतला एक ड्रॉवर काढून ठेवायचा. तो समुद्र लागणारा माणूस, जवळजवळ पाच वर्षं, २७ डिसेंबर १८३१ पासून २ ऑक्टोबर १८३६ पर्यंत. जमिनीवर उतरायला मिळालं की तो बराच काळ उतरूनच राहायचा म्हणा. टेबल मी सापेलीच्या उरलेल्या तुकड्यातून केलं आणि वर छत बसवून टाकलं. आता ते कुणालाच दिसत नाही. मुलीला माहितीये. ती आलेल्या प्रत्येकाला सांगते की आत टेबल आहे, आणि लोक माझ्याकडे बघतात.

डोलकाठ्या ड्रिल मशीनमध्ये धरून, पॉलिश पेपरच्या चिमटीत फिरवून निमुळत्या केल्या. मग दोरकाम, ज्याला रिगिंग म्हणतात, आणि इथं सगळा वेगच बदलतो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे जाड दोर म्हणजे श्राउड. ते खाली डेडआय नावाच्या तीन भोकांच्या लाकडी गोट्यांना येतात, वरची गोटी आणि खालची गोटी यांच्यात बारीक दोरी ओवून ताण द्यायचा. श्राउड जोडीने चढतात, पहिली जोडी उजवीकडे सगळ्यात पुढची, मग डावीकडची, परत उजवीकडे. खऱ्या जहाजावर हाच क्रम आणि मॉडेलला पण हाच सोयीचा, कारण नाहीतर डोलकाठी एका अंगाला ओढली जाते. वरच्या गोट्या सगळ्या एका रेषेत याव्यात म्हणून तारेचा एक दोन टोकांचा आकडा केला, दोन्ही गोट्यांच्या भोकांत अडकवायचा, अंतर पक्कं. स्थिर दोर डांबर लावलेले म्हणून काळे, ओढायचे दोर फिके. डब्यातला दोरा लव सुटलेला होता. आमच्या कोपऱ्यावरच्या चांभाराकडून मेणाचा खडा आणला, दोरा त्यावरून दोनदा ओढला की लव बसते आणि गाठ पण सुटत नाही. तो चपला शिवताना तेच करतो.

श्राउडवर आडव्या दोऱ्या असतात, खलाशी चढायच्या शिडीच्या पायऱ्या, रॅटलाइन. खरं अंतर साधारण १५ इंच, माझ्याकडे सव्वासहा मिलिमीटर. प्रत्येक श्राउडवर प्रत्येक पायरीला क्लोव्ह हिच नावाची एक गाठ. मागे रेघा मारलेला कागद लावायचा, मधल्या श्राउडपासून सुरू करून कडेला जायचं, आणि गाठ ओढताना श्राउड आत खेचला जाणार नाही एवढीच ओढायची. ओढला गेला तर दहा पायऱ्यांनंतर कंबर बारीक झालेली दिसते आणि सगळं कापून काढावं लागतं. रोज रात्री जेवण झाल्यावर एक-दोन ओळी, त्याहून जास्त डोळे करू देत नाहीत. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. कंटाळवाणं आहेच.

मधे वडिलांचे एक मित्र आले होते, अण्णा. तरुणपणी कृष्णेत होड्यांच्या शर्यतीला वल्ही मारलेला माणूस, अजून खांदे सांगतात. ते जहाजाच्या भोवती फिरून आले.

"वल्ही कुठायत?"

"शिडावर चालतं अण्णा हे."

"आणि वारा पडला मग?"

"मग थांबायचं."

"हॅ." त्यांना हे बिलकुल पटलं नाही. मग मी सांगितलं की अगदीच वारा पडला की जहाजावरच्या छोट्या होड्या खाली उतरवायचे, त्यात माणसं बसायची, वल्ही मारायची आणि मागे दोर बांधून हे एवढं धूड ओढायचे. त्यावर अण्णा खूश. डेकवरची होडी कुठली ते विचारलं, खाली वाकून तिच्याकडेच बघत राहिले, आणि वडिलांना म्हणाले, "बघ, शेवटी आपलंच काम."

त्या होड्या किटमध्ये धातूच्या ओतीव आल्या होत्या, अण्णा गेल्यावर मी त्यातली एक काढून लाकडाची करायला घेतली. ३ मिलिमीटर रुंद पट्ट्या, बल्कहेड वगैरे काही नाही, साच्यावर बांधायची आणि साचा काढून घ्यायचा. वल्ही पण केली.

आता ओढायचे दोर चाललेत. शिडं लावायची नाहीत असं ठरवलंय, कापडाची शिडं या स्केलला गोधडीएवढी जाड दिसतात आणि मागचं सगळं दोरकाम झाकून टाकतात. पुढचं किट कुठलं म्हणून लोक विचारतात. मनात आहे मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली, १८१७ चं, जे आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. आंग्र्यांच्या आरमारातलं जहाज, गुराब, करायची तर तयार किट मला तरी कुठं दिसलं नाही, म्हणजे सांगाड्यापासून सगळं आपणच काढावं लागणार, ते एवढ्यात नको.

सुरुवात करणाऱ्या कुणी विचारलं तर पैसे हत्यारांच्या सेटवर घालवू नका, तो निळा डबा मिळतो ना सोळा हत्यारांचा, त्यातली चारच वापरली जातात. छोटा रंधा, एक चांगली पटाशी, हाताने फिरवायचा पिन वाइज, त्यात धरायचे बारीक ड्रिल ०.५ पासून १ मिलिमीटरपर्यंतचे, चिमटे. आणि डोक्यावर लावायचं भिंग, चाळिशी ओलांडली असेल तर ते आधी, किट नंतर.

केसचं अजून व्हायचंय. काच की अ‍ॅक्रिलिक यावर घरात चर्चा चालू आहे, काच जड आणि मुलगी लहान, अ‍ॅक्रिलिकला धूळ चिकटते. ८० बाय ३० बाय ६० सेंटिमीटर सांगितल्यावर काचवाल्याने विचारलं मासे कुठले ठेवणार आहात. त्याला फोटो पाठवलाय, कोटेशन सोमवारी देतो म्हणालाय.